मुक्यानं आणायचं मूळ

दर वर्षी दिवाळी झाली की जामखेडकडची माणसं आमच्या कोपरगावच्या शिवारात ऊस तोडायला येतात. कालव्याच्या चारीच्या कडेला उसाच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, घालतात आणि उन्हाळा लागला की निघून जातात. त्यांची मुलं, बैल, भांडणं, आजारपणं आम्हाला ठाऊक असतात. त्यांचं गाव मात्र आमच्या वस्तीवरच्या कोणी पाहिलेलं नव्हतं. या मार्गशीर्षात मी पाहून आले. बायका विचारतात, कसा आहे तो मुलूख. तोंडाने सांगायला बसले की माझं दोन वाक्यांत संपतं, म्हणून लिहून काढते आहे.

जायचं कारण माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो. पावसाळ्याआधी त्यांच्या छातीत गाठ सापडली. कॅन्सर निघाला. नगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, गाठ काढली, पण तिच्यातले बारीक कण रक्तातून फिरून दुसरीकडे जाऊन बसू शकतात. ते बसू नयेत म्हणून सलाईनमधून औषध द्यावं लागेल. सलाईन सुरू झालं. आक्कांचे केस गेले, तोंड सोलपटलं, नंतर नंतर पायाला सारख्या मुंग्या यायला लागल्या. चप्पल पायात आहे की नाही हे खाली वाकून बघावं लागे.

आमच्या उसातल्या टोळीत सुलाबाई म्हणून आहे, जामखेडच्या अलीकडच्या एका लहान गावची. ती आमच्या जनावरांना वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढी टाकायला आली असताना म्हणाली, "आक्का, माजी सासू मूळ देती. हा रोग हाय तितंच थांबतो, पसरत न्हाई. लई लांबून मानसं येत्यात." पैसे घेत नाहीत म्हणाली. पण दोन नियम. एक, मूळ ज्याच्या हातात पडेल त्याने ते रोग्याच्या हातात ठेवेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. बोललं की गुण गेला. दुसरा, त्या मुळावर दुसरं औषध चालत नाही.

आक्कांना दुसरा नियमच जास्त आवडला. "मूळ आलं की सलाईन बंद," त्या म्हणाल्या. "येत्या सोमवारचं मी घ्यायची न्हाई." दीर बोलले, माझे यजमान बोलले. आक्का ऐकेनात. मग मूळ आणायला कोणी जायचं हा प्रश्न निघाला.

"तुमी दोघं भाऊ जाऊ नका," आक्का म्हणाल्या. "फाट्यापातूर सुदा गप बसायचे न्हाई. शालन जाईल. ती येरवी तरी कुठं बोलती?"

सगळे हसले. मीही हसले. मला जायचं होतं की नाही हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही. आक्का घराचं सगळं बोलणं एकट्या करतात. लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या वाटचंही त्याच बोलत आल्या आहेत. त्यांनी सलाईन सोडलं तर काय होईल हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि मूळ घेतलं तर काय होईल हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. असं सगळं मनात घेऊन मी एसटीत बसले.

जामखेडच्या वाटेवर

बसच्या पाटीवर अहिल्यानगर होतं, कंडक्टर नगर म्हणत होता. नगरपर्यंतचा रस्ता आमचाच, त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही. पुढची गाडी मात्र आपल्या जिल्ह्यातून निघून बीड जिल्ह्यात शिरते आणि कडा, आष्टी करून पुन्हा आपल्या जिल्ह्यात येते. शेजाऱ्याच्या अंगणातून जाऊन स्वतःच्या मागच्या दारी पोचावं तसं. शेजारच्या म्हातारबाबांना मी विचारलं, जामखेड बीडमध्ये की नगरमध्ये. ते म्हणाले, "कागदावर नगर. पानी दोघंबी देईनात."

आमच्याकडे नजर उसात अडकते. इथे ती लांबवर जाते. काळ्या रानात गुडघ्याएवढी ज्वारी, मध्ये तुरीची पिवळी ओळ, बांधाला दगडांची रास, आणि पलीकडे बोडक्या टेकड्या. टेकडीच्या उतारावर सीताफळीची झुडपं. आमच्याकडे दगड विकत आणावा लागतो आणि इथे तो कुठे ठेवायचा हा प्रश्न पडलेला दिसतो.

फाट्यापासून गावापर्यंत काळीपिवळी जीप. गावात शिरताना पहिल्यांदा दिसली ती कुलपं. घर, कुलूप, घर, कुलूप, मग एका ओट्यावर एक म्हातारी आणि शेळी, पुन्हा कुलूप. आमच्या चारीकडेच्या कोप्यांना दार नसतं आणि त्या माणसांनी भरलेल्या असतात. इथे दारं चांगली सागवानी, रंगवलेली, पण आत कोणी नाही. त्यांचा सगळा गलबला आमच्याकडे आणि शांतता इथे, हे माझ्या आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

हौसाबाईंच्या घरी

सुलाबाईच्या सासू हौसाबाई दारातच उभ्या होत्या. किडकिडीत, हिरवं लुगडं, डोळ्यावर हात.

"कोपरगावच्या मालकीनबाई का? या माय. सुली कशी हाय? पोरीचा खोकला ग्येला का?"

मी म्हटलं, खोकला गेला, आता उसाची कांडी खात हिंडते. हौसाबाईंनी हे माझ्याकडून तीनदा ऐकून घेतलं. सुलाबाईने पाठवलेला गूळ हुंगला, ठेवून दिला. आपल्या सुनेची खबर त्या परक्या बाईला विचारत होत्या आणि ती परकी बाई मी होते. रोज त्या मुलीला मी बांधावर बघते.

आल्या आल्या मी एक घोटाळा केला. घरच्या सवयीने दाराजवळची कळशी उचलली आणि पायांवर भरभरून पाणी घेतलं. हौसाबाई बघत राहिल्या. कळशी अर्धी झाल्यावर म्हणाल्या, "घी, घी. टँकर सकाळी यायचा हाय. आला तर."

त्यांनी स्वतः तांब्यातल्या चुळकाभर पाण्यात हात-तोंड धुतलं आणि तेच पाणी ओट्याखालच्या कढीपत्त्याला घातलं. मी पाय लुगड्याखाली ओढून बसले.

जेवायला हुलग्याचे शेंगोळे केले होते. पीठ मळून हातावर वळलेले कडबोळ्यासारखे तुकडे, लसूण-मिरचीच्या झणझणीत पाण्यात शिजवलेले, वर ज्वारीची भाकरी. मी दोनदा मागून घेतले. मग न राहवून म्हटलं, आमच्याकडे हुलगा बैलांना भरडून घालतात.

"आमच्यात मानसांला घालत्यात," हौसाबाई म्हणाल्या. "बैलं तुमच्याकडं ग्येल्यात ना ऊस वढायला!"

आणि इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या ओट्यावरच्या म्हातारीने काय झालं म्हणून हाक दिली.

जेवण झाल्यावर मी धीर करून सलाईनचं विचारलं. तुमच्या मुळावर दुसरं औषध खरंच चालत नाही का?

हौसाबाईंनी ताटं एकावर एक ठेवली. "मला सासूनं जे सांगितलं त्येच मी सांगती. ह्याच्यावर दुसरं औषध न्हाई, असं ती म्हनायची. पर तिच्या वक्ताला सलाईन कुठं हुती? दुसरं औषध म्हंजी दुसऱ्या गावचा झाडपाला." मग म्हणाल्या, "गुन आला ती मानसं परत येऊन सांगत्यात. न्हाई आला ती येत न्हाईत. मग मला कसं कळावं, माय?"

मला अजून एक प्रश्न विचारायचा होता, पण तो त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता हे त्यांनीच सांगून टाकलं होतं.

टेकडीखाली

सकाळी उन्हं यायच्या आत आम्ही टेकडीखालच्या माळावर गेलो. हौसाबाईंनी एका झुडपाजवळ बसून हळद-कुंकू वाहिलं, "न्यायला आली हाय गं," असं झुडपाला सांगितलं आणि खुरप्याने कडेची माती उकरली. मूळ अर्धंच कापलं. अर्धं मातीत ठेवून वर माती ओढली. "समदं उपटायचं न्हाई. मागनं येनाऱ्याला काय द्यायचं?" झाडाचं नाव इथे लिहीत नाही. ते सांगायचं नसतं, आणि कोणी वाचून उकरायला जाऊ नये हेही आहेच.

मूळ पांढऱ्या फडक्यात बांधून त्यांनी माझ्या हातात ठेवलं आणि आपल्या ओठांवर बोट ठेवलं. तिथून माझं मौन सुरू झालं.

आम्ही परत येतो तर दाराशी एक जीप. नगरच्या एका कॉलेजात झाडपाल्याची तपासणी करणाऱ्या मॅडम आल्या होत्या. तिशी-पस्तिशीच्या, पायात बूट, डोक्याला रुमाल. त्या अधूनमधून येतात आणि तेच मूळ नेतात. हौसाबाईंनी त्यांना टोपलीत वेगळं काढून ठेवलं होतं.

"मला नाही का गप्प बसायचं, आजी?" मॅडम म्हणाल्या.

"तुला कशाला? तुजं मूळ काचंला द्यायचंय. काच काय आयकती व्हय?" हौसाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे हात करून, "हिला नगरपातूर न्हे. हिला बोलायचं न्हाई, तू बी लई बडबड करू नकू."

मॅडमनी दुसरी गोष्ट काही पाळली नाही.

जीपमध्ये

"मला नियम माहीत आहे, ताई," मॅडम म्हणाल्या. "मी विचारते, तुम्ही मान हलवा. सासूबाईंसाठी नेताय? नाही. बहिणीसाठी? जाऊ? बरं. ऑपरेशन झालं? सलाईन चालू आहे? चांगलं आहे."

सलाईन चालू आहे यावर मी मान हलवली आणि त्यांचं समाधान झालं. ते बंद होणार आहे हे मानेने कसं सांगायचं ते मला कळेना.

आष्टी येईपर्यंत त्या त्यांच्या कामाबद्दल सांगत होत्या. मला समजलं तसं लिहिते. कॅन्सरच्या पेशी त्या काचेच्या लहान ताटलीत वाढवतात. ताटलीच्या तळाला पेशींचा सपाट थर धरला की त्यात मधोमध एक बारीक रेघ ओढतात. रेघेतल्या पेशी निघून जातात, मोकळी पट्टी राहते. दुसऱ्या दिवशी भिंगातून बघतात. दोन्हीकडच्या पेशी सरकत सरकत पट्टीत येतात आणि ती बुजवून टाकतात. हरळी जशी नांगरलेल्या सरीत दोन्ही बांधांवरून उतरते, तसं मला वाटलं. पण ताटलीत या मुळाचा अर्क घातला तर पट्टी बरीचशी मोकळी राहते. पेशी आपापल्या जागी थांबतात.

म्हणजे सुलाबाई म्हणते ते खरं आहे, असं माझ्या मनात आलं. माझ्या तोंडावर ते दिसलं असावं, कारण मॅडम लगेच म्हणाल्या, "पण ताटली म्हणजे बाई नव्हे, ताई. हळदीतला एक घटक असाच अडवतो. द्राक्षाच्या सालीतलाही. ताटलीत अडवणारं पुष्कळ सापडतं. पोटात गेल्यावर त्यातलं रक्तात किती उतरतं, उतरलेलं पुरतं का, हे बघायला वर्षं जातात, आणि बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं. मी अजून ताटलीच्याच पायरीवर आहे."

त्यांनी हे अगदी सहज सांगितलं. मग सीताफळं विकत घ्यायला जीप थांबवली, भाव केला, मला दोन दिली. हंगाम सरला होता, फळं वाळकी होती. मी एका हाताने खात होते, दुसऱ्या हातात फडकं.

नगर जवळ आलं. रात्रभर जो प्रश्न मनात होता त्याचं उत्तर ज्यांना माहीत असावं त्या शेजारी बसल्या होत्या आणि आता उतरवून देणार होत्या. प्रश्न विचारला तर मूळ वाया जाणार होतं. नाही विचारला तर मी मूळ आक्कांच्या हातात ठेवणार आणि सोमवारी सलाईन बंद होणार. कागदावर लिहून विचारावं तर पेन नव्हतं, आणि मॅडमकडे खुणेने मागायचं सुचलं नाही. खुणेने विचारावं म्हणून मी दंडाला सुई टोचल्यासारखं केलं आणि हात उडवला. मॅडमना वाटलं मला चक्कर येते आहे. त्यांनी खिडकी उघडली.

स्टँडसमोर जीप थांबली. मी उतरले. मॅडम म्हणाल्या, "जपून जा हं, ताई." ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

"सलाईन बंद करायचं का?" मी म्हटलं.

मॅडमनी तोंडावर हात ठेवला. "अहो, तुम्ही बोललात!" आणि ड्रायव्हरला, "थांब, थांब." त्या खाली उतरल्या. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. त्यांनी मला हाताला धरून बाजूला, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाशी नेलं.

"बंद करायचं नाही," त्या म्हणाल्या. "अजिबात नाही. आणि हे मूळ डॉक्टरांना दाखवल्याशिवाय द्यायचंही नाही. दोन्ही औषधं अंगात एकमेकांशी भांडली तर काय होईल हे मलाही सांगता येणार नाही. मी पेशी बघते, माणूस डॉक्टर बघतात." मग विचारलं, "सलाईनचं औषध कसलं? लाल आहे का?"

मी म्हटलं, आधी लाल होतं, आता पाण्यासारखं आहे, आणि पायाला मुंग्या येतात.

"मग बहुतेक ते सालीचं असेल. नक्की डॉक्टरांना विचारा. पहाडातल्या एका झाडाच्या सालीत तो घटक सापडला होता. आधी ताटलीत, मग उंदरात, मग माणसात, सगळ्या पायऱ्या चढून आला. तुमच्या जाऊबाईंना सांगा, ते पण झाडाचंच आहे."

घर

कोपरगावच्या गाडीत बसले. बोलायला आता काही हरकत नव्हती. पण येताना तिकिटासाठी घरूनच एक चिठ्ठी लिहून नेली होती, "कोपरगाव, एक", ती सवयीने कंडक्टरच्या हातात गेली. त्याने मला मुकी समजून खाणाखुणा केल्या, पुढची चांगली जागा रिकामी करून दिली. आता बोललं तर त्याला काय वाटेल म्हणून मी घर येईपर्यंत गप्पच राहिले.

आक्का दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं आणि दोन्ही हात पुढे केले. मूळ नुसतं ठेवून दिलं असतं तरी कोणाला काही कळलं नसतं. दीर, यजमान, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हटलं, "आक्का, मी बोलले."

आक्कांचे हात तसेच पुढे राहिले.

"कुनाशी?"

"नगरला. एक मॅडम होत्या. सलाईन बंद करायचं का म्हणून विचारलं."

"एवढ्या वर्सांत बोलायला तुला हाच दिवस सापडला का गं?" आक्का म्हणाल्या. तांब्या ओट्यावर आपटला आणि आत गेल्या.

दुसरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. भाकरी थापताना तव्याशी बोलत होत्या. संध्याकाळी मी चुलीपुढे बसले होते, त्या मागून येऊन म्हणाल्या, "पुन्यांदा जा. दुसरं आन."

"जाईन," मी म्हटलं. "सोमवार झाल्यावर." आणि मग ताटलीतली रेघ, हरळी, साल, जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. इतकं सलग मी त्यांच्यापुढे पूर्वी कधी बोलले नव्हते. आक्का मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, "सालीचं हाय म्हनती? मग ती साल आनताना कोन गप बसलं हुतं?"



सोमवार, पुन्हा नगर

सोमवारी आक्का निघाल्या. का निघाल्या ते त्यांनी सांगितलं नाही. फडकं माझ्या पिशवीत घेतलं. डॉक्टरांनी मूळ हातात घेऊन बघितलं आणि सध्या काही देऊ नका म्हणाले. आक्कांनी विचारलं, "ह्ये सलाईन झाडाच्या सालीचं हाय का?" डॉक्टर थोडे थबकले. म्हणाले, हो, मुळात सालीतूनच सापडलंय, तुम्हाला कोणी सांगितलं? आक्कांनी माझ्याकडे बोट केलं. मी खाली बघितलं.

सुई टोचून झाली, थेंब पडायला लागले. मी नेहमीसारखी उशाशी बसले. आक्का एरवी सलाईन चालू असताना वॉर्डातल्या सगळ्यांची चौकशी करतात, सिस्टरची सोयरीकसुद्धा जुळवायला बघतात. आज त्या म्हणाल्या, "आनताना कुनी गप बसलं का न्हाई, द्येव जानं. मी बसते. बाटली सरंस्तवर माझ्याशी बोलू नकू." आणि ओठांवर बोट ठेवलं. अगदी हौसाबाईंसारखं. त्यांनी हौसाबाईंना कधी पाहिलेलं नाही.

शेजारच्या खाटेवर राहुरीकडची एक बाई होती. तिने विचारलं, "मावशी, कुठून आला?" आक्कांनी माझ्याकडे हात केला. मी सांगितलं, कोपरगावहून. तिने विचारलं, "आणि ह्या बोलत का न्हाईत?"

तेव्हा मला तिला मुळाचं सांगावं लागलं. मुळाचं सांगायचं तर हौसाबाईंचं सांगावं लागलं, आणि हौसाबाईंचं सांगायचं तर कुलपांचं, कळशीचं, शेंगोळ्यांचं. ती मधून मधून "मग?" म्हणत होती. शेंगोळ्यात लसूण ठेचून घालतात की चिरून, असं तिने विचारलं. मी म्हटलं, चिरून. आक्कांनी जोरजोराने मान हलवली, हाताची मूठ करून ठेचून दाखवलं, डोळे मोठे केले. पण तोंड उघडलं नाही.

बाटलीत अजून बरंच पाणी होतं. मी पुढे सांगायला लागले.